कन्स्ट्रेंटला नाव तुम्ही द्यायचं का डेटाबेसने?

प्रश्न थोडक्यात असा आहे की नवीन प्रोजेक्टचा स्कीमा, म्हणजे डेटाबेसमधल्या टेबलांचा आराखडा, बनतोय आणि टीममध्ये वाद चाललाय, कन्स्ट्रेंटना, म्हणजे डेटावर लावलेल्या नियमांना (प्रायमरी की म्हणजे प्रत्येक रो ओळखणारा कॉलम, फॉरेन की म्हणजे दुसऱ्या टेबलातल्या रोकडे बोट दाखवणारा कॉलम, युनिक म्हणजे व्हॅल्यू पुन्हा येऊ नये, चेक म्हणजे दिलेली अट पाळली जावी) हाताने नावं द्यायची का डेटाबेस आपोआप देतो तीच चालवून घ्यायची, दिली तर पीके (प्रायमरी की) असा प्रकार नावाच्या पुढे लावायचा का मागे, आणि कॉलम नुसता आयडी ठेवायचा का गेस्ट_आयडी. मी गेली बरीच वर्षं हेच काम करते, ओरॅकल, एसक्यूएल सर्व्हर, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल ह्या सगळ्या डेटाबेसवर, म्हणून जरा सविस्तर लिहिते. उदाहरणासाठी एक बुकिंगची सिस्टीम धरू, त्यात गेस्ट्स, रूम्स आणि बुकिंग्ज अशी तीन टेबलं. नावं मी इथे देवनागरीत लिहितेय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी छोट्या लिपीत, मध्ये अंडरस्कोअर.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर सरळ आहे, नावं तुम्हीच द्या, सगळ्यांना द्या. पुढे का मागे ह्यावर मात्र फार वेळ घालवू नका, त्याने फारसा फरक पडत नाही. फरक कशाने पडतो तर ते नाव कोण वाचणार आहे ह्याने. टेबल बनवताना ते नाव तुम्ही एकदा टाइप करता आणि विसरता. नंतर ते दोनच ठिकाणी भेटतं, एक म्हणजे एररमध्ये आणि दुसरं म्हणजे मायग्रेशन स्क्रिप्टमध्ये, म्हणजे टेबलांची रचना बदलणाऱ्या स्क्रिप्टमध्ये. एरर वाचणारा माणूस बहुतेक वेळा तो नसतो ज्याने टेबल बनवलं, सपोर्टवाला असतो किंवा दोन महिन्यांपूर्वी जॉइन झालेला असतो आणि लॉगमध्ये त्याला फक्त एक ओळ दिसते. त्या ओळीत टेबल कुठलं, कॉलम कुठला आणि नियम कुठला मोडला हे कळलं तर नाव चांगलं.

आता डेटाबेस स्वतः काय नाव देतो ते बघा. ओरॅकल एसवायएस_सी आणि पुढे एक लांबलचक नंबर देतो, नॉट नल (कॉलम रिकामा चालणार नाही) हा पण तिथे कन्स्ट्रेंटच असतो त्यामुळे एका टेबलात अशी पंधरा-वीस नावं सहज निघतात. एसक्यूएल सर्व्हर पीके, मग टेबलचं नाव, मग शेवटी एक हेक्साडेसिमल आकडा लावतो, डिफॉल्टच्या (काही न दिल्यास भरायच्या व्हॅल्यूच्या) बाबतीत टेबल आणि कॉलमची नावं कापून टाकतो. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन की म्हणजे बुकिंग्ज_आयबीएफके_१, बुकिंग्ज_आयबीएफके_२ वगैरे. पोस्टग्रेस त्यातल्या त्यात शहाणा आहे, बुकिंग्ज_पीकी, बुकिंग्ज_गेस्ट_आयडी_एफकी, बुकिंग्ज_कोड_की असं वाचता येईल असं देतो. म्हणून पोस्टग्रेसवाले म्हणतात की आम्हाला गरजच नाही. प्रायमरी की आणि साध्या फॉरेन कीपुरतं मी हे मान्य करते. पण चेक कन्स्ट्रेंटला पोस्टग्रेससुद्धा तुम्हाला वाऱ्यावर सोडतो, त्याबद्दल खाली बोलते कारण खरी गंमत तिथेच आहे.

आधी मायग्रेशनचं दुखणं सांगते. एसक्यूएल सर्व्हरवर काम करत असताना एका ठिकाणी बुकिंग्जसारख्याच टेबलातला एक स्टेटस कॉलम काढायचा होता. त्या कॉलमवर डिफॉल्ट व्हॅल्यू होती, आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये डिफॉल्ट हा पण एक कन्स्ट्रेंट असतो, त्याला स्वतःचं नाव असतं, आणि तो आधी नावाने ड्रॉप केल्याशिवाय कॉलम ड्रॉप होत नाही. टेबल बनवताना कोणी नाव दिलं नव्हतं, त्यामुळे सर्व्हरने स्वतः दिलेलं. डेव्हलपमेंटच्या मशीनवरचं नाव बघून मी स्क्रिप्ट लिहिली, तिथे चालली, आणि टेस्टिंगवर धाडकन पडली, कारण तो शेवटचा हेक्स आकडा प्रत्येक डेटाबेसमध्ये वेगळा असतो. प्रॉडक्शनवर तिसराच. मग काय, सिस्टीम व्ह्यूमधून (डेटाबेसची स्वतःबद्दलची माहिती असते तिथून) नाव शोधायचं, ते स्ट्रिंगमध्ये जोडून डायनॅमिक एसक्यूएल (चालवतानाच बनणारी क्वेरी) करायचं, असा वीस ओळींचा खटाटोप एका कॉलमसाठी. डीएफ_बुकिंग्ज_स्टेटस एवढं नाव सुरुवातीला दिलं असतं तर दोन ओळींत काम झालं असतं. आणि हे फक्त डिफॉल्टचं नाही, स्कीमा कम्पेअर करणारी टूल्स वापरत असाल तर दोन एन्व्हायर्नमेंटमधला प्रत्येक आपोआप नाव पडलेला कन्स्ट्रेंट फरक म्हणून दाखवू शकतो, मग त्या ढिगाऱ्यात खरा फरक दिसेनासा होतो.

ह्याला एक अपवाद आहे तो आत्ताच सांगून टाकते नाहीतर कोणीतरी नियम म्हणून आंधळेपणाने लावेल. एसक्यूएल सर्व्हरच्या टेम्पररी टेबलात (एका सेशनपुरत्या, म्हणजे एका कनेक्शनपुरत्या टेबलात) कन्स्ट्रेंटला नाव देऊ नका. टेम्प टेबलाचं नाव सर्व्हर प्रत्येक सेशनसाठी आतून वेगळं करून घेतो पण तुम्ही दिलेलं कन्स्ट्रेंटचं नाव तसंच ठेवतो, त्यामुळे तीच प्रोसीजर (डेटाबेसमध्ये साठवलेला कोड) दोन जणांनी एकाच वेळी चालवली की दुसऱ्याला हे नाव आधीच आहे म्हणून एरर येते. टेस्टिंगमध्ये एकच माणूस चालवतो म्हणून कधी सापडत नाही, लोड आला की सापडतं.

बरं, आता पॅटर्न. मी स्वतः प्रकार पुढे लावते, पीके_बुकिंग्ज, एफके_बुकिंग्ज_गेस्ट_आयडी, यूक्यू_बुकिंग्ज_कोड, सीके_बुकिंग्ज_काहीतरी (एफके फॉरेन की, यूक्यू युनिक, सीके चेक), इंडेक्सला, म्हणजे शोध वेगाने व्हावा म्हणून कॉलमवर बनवलेल्या सूचीला, आयएक्स. ज्यांना टेबलचं नाव आधी हवं असतं त्यांचं म्हणणं असं की यादी नावाने लावली की एका टेबलाचं सगळं एकत्र दिसतं, आणि ते खरं आहे. पोस्टग्रेसची स्वतःची पद्धतही तीच आहे त्यामुळे फक्त पोस्टग्रेसवर असाल तर त्याच्याच पद्धतीने जा, निम्मी नावं त्याची आणि निम्मी तुमची असा मिश्र कारभार वाचायला जास्त त्रासदायक होतो. एरर वाचताना मला मात्र पहिली दोन अक्षरं बघून कळतं की डुप्लिकेट आहे का पेरेंट रो (फॉरेन की जिच्याकडे बोट दाखवते ती) नाही, म्हणून मी पुढे लावते, एवढंच कारण. मायएसक्यूएलमध्ये प्रायमरी कीला तुम्ही काहीही नाव द्या, तो ते सोडून देतो आणि प्रायमरी असंच ठेवतो, त्यामुळे तिथे त्या एका बाबतीत डोकं लावू नका.

टेबलचं नाव कन्स्ट्रेंटच्या नावात हवंच का, हा पुढचा प्रश्न येतो, कारण कन्स्ट्रेंट तर टेबलाच्या आतच असतो ना. हवंच. एसक्यूएलच्या स्टँडर्डप्रमाणे कन्स्ट्रेंटचं नाव पूर्ण स्कीमात (इथे स्कीमा म्हणजे एका नावाखालचा टेबलांचा गट) एकमेव असायला हवं. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हर हे पाळतात, मायएसक्यूएल फॉरेन की आणि चेकसाठी पाळतो, म्हणजे दोन टेबलांत नुसतं एफके_गेस्ट असं नाव दिलं की दुसरं टेबल बनतच नाही. पोस्टग्रेस इथे सैल आहे, फॉरेन की आणि चेकची नावं दोन टेबलांत सारखी असली तरी चालवून घेतो, फक्त प्रायमरी आणि युनिकमागे त्याच नावाचा इंडेक्स बनतो म्हणून ती मात्र वेगळी लागतात. पण चालतंय म्हणून करू नका, कारण मग इन्फर्मेशन स्कीमाचे (डेटाबेसची रचना सांगणारे) व्ह्यू नावाने जोडून फॉरेन कींची यादी काढणारी क्वेरी, जी इंटरनेटवर सगळीकडे फिरत असते, ती चुकीच्या जोड्या देते आणि तुम्ही तासभर विचार करत बसता की हे टेबल त्या टेबलाला कधी जोडलं.

फॉरेन कीमध्ये एक चूक जवळजवळ प्रत्येक टीम करते, नावात फक्त चाइल्ड (फॉरेन की असलेलं) आणि पेरेंट (ती ज्याच्याकडे बोट दाखवते ते) टेबल घेते, एफके_बुकिंग्ज_गेस्ट्स. दिसायला छान. मग एक दिवस रिक्वायरमेंट येते की बुकिंग करणारा वेगळा आणि राहणारा वेगळा असू शकतो, म्हणजे बुकिंग्जमधून गेस्ट्सकडे दोन फॉरेन की. आता दुसऱ्याला काय नाव देणार, एफके_बुकिंग्ज_गेस्ट्स_२? आणि मग एरर आली की कुठली, पहिली का दुसरी? म्हणून चाइल्ड टेबल आणि कॉलम असं नाव घ्या, एफके_बुकिंग्ज_गेस्ट_आयडी आणि एफके_बुकिंग्ज_बुक्ड_बाय_गेस्ट_आयडी, कॉलमच्या नावातच भूमिका आहे आणि पेरेंट कोण ते पण आहे, वेगळं सांगायला नको. जे लोक तिन्ही घेतात, चाइल्ड, पेरेंट आणि कॉलम, मायक्रोसॉफ्टचं एन्टिटी फ्रेमवर्क कोअर तसंच करतं, ते चूक नाही पण नावं लांब होतात.

आणि लांबी ही खरी अडचण आहे. पोस्टग्रेसमध्ये नाव ६३ बाइट्सपर्यंत, मायएसक्यूएलमध्ये ६४ कॅरेक्टर, एसक्यूएल सर्व्हरमध्ये १२८. ओरॅकलमध्ये १२.१ पर्यंत ३० बाइट्सच होते, १२.२ पासून १२८ झाले, जुन्या ओरॅकल सिस्टीममध्ये प्रत्येक टेबलाला तीन अक्षरी कोड आणि कन्स्ट्रेंटमध्ये तेच कोड दिसतात ते त्या ३० मुळे, आज नवीन प्रोजेक्टमध्ये ती पद्धत उचलायचं कारण उरलेलं नाही. पोस्टग्रेसचं ६३ जरा जपून, कारण नाव जास्त लांब झालं तर तो एरर देत नाही, शेपूट कापतो आणि फक्त एक नोटीस देतो, जी मायग्रेशनच्या आउटपुटमध्ये कोणी वाचत नाही. मग दोन गोष्टी होतात, एकतर दोन लांब नावांची पहिली ६३ बाइट्स सारखी निघून दुसरं बनत नाही, किंवा बनतं पण कोडमध्ये तुम्ही पूर्ण नाव लिहून तुलना करताय आणि डेटाबेस कापलेलं नाव परत देतोय, दोन्ही जुळत नाहीत आणि हँडलिंग गुपचूप बंद पडतं. मर्यादेच्या जवळ जात असाल तर टेबलचं नाव छोटं करण्याचा एकच ठरलेला नियम करा, प्रत्येकाने आपापल्या मनाने स्वर काढून टाकायचे असं नको.

आता चेक. मला विचाराल तर नाव द्यायला सगळ्यात जास्त विचार इथे लागतो, कारण प्रायमरी की म्हणजे काय हे सगळ्यांना माहीत असतं, चेक म्हणजे तुमच्या धंद्याचा नियम असतो. पोस्टग्रेसमध्ये चेकमध्ये एकच कॉलम असेल तर बुकिंग्ज_नाइट्स_चेक असं नाव पडतं, ठीक आहे. पण दोन कॉलम आले, समजा चेकआउटची तारीख चेकइननंतरची हवी, तर तो बुकिंग्ज_चेक असं देतो, पुढचा बुकिंग्ज_चेक१, त्याच्या पुढचा बुकिंग्ज_चेक२. आता रात्री लॉगमध्ये ओळ येते की नवीन रो बुकिंग्ज_चेक१ मोडतेय. काय मोडलं? कोणालाही सांगता येत नाही, टेबलची व्याख्या उघडून बघावी लागते. वर हे नंबर कुठल्या क्रमाने चेक टाकले त्यावर ठरतात, म्हणजे एका डेटाबेसमध्ये मायग्रेशन पायरीपायरीने चालली आणि दुसरा एकदम नव्याने बनवला तर चेक१ चा अर्थ दोन्हीकडे वेगळा निघू शकतो. सीके_बुकिंग्ज_चेकआउट_आफ्टर_चेकइन हे नाव वाचलं की सपोर्टवाल्याला डेटाबेस उघडायचीच गरज नाही.

चेकचं नाव नियमाचं असू द्या, कॉलमचं नको, आणि काय बरोबर आहे ते सांगणारं असू द्या. म्हणजे सीके_बुकिंग्ज_इनव्हॅलिड_डेट्स असं नको, कारण एररमध्ये आधीच लिहिलेलं असतं की हा नियम मोडला, त्यात पुन्हा इनव्हॅलिड आलं की वाचणारा गोंधळतो की नक्की मोडलं म्हणजे काय. आणि नावात आकडे घालू नका. सीके_बुकिंग्ज_मॅक्स_३०_नाइट्स असं कोणीतरी ठेवतं, सहा महिन्यांनी मर्यादा ४५ होते, घाईत कंडिशन बदलली जाते, नाव तसंच राहतं, आणि मग ते नाव कायम खोटं सांगत राहतं. सीके_बुकिंग्ज_नाइट्स_इन_रेंज पुरे. मायएसक्यूएलवाल्यांसाठी एवढंच की ८.०.१६ च्या आधी चेक लिहिला तर तो वाचून सोडून द्यायचा, लागूच करायचा नाही, जुन्या सर्व्हरवरून आलेल्या स्क्रिप्टमध्ये चेक दिसला म्हणून डेटा स्वच्छ असेल असं धरू नका.

पोस्टग्रेसमध्ये एकाच रूमची दोन बुकिंगं एकमेकांवर येऊ नयेत ह्यासाठी एक्सक्लूजन कन्स्ट्रेंट लावता येतो, फार उपयोगी चीज आहे, त्यालाही हाच न्याय, एक्स_बुकिंग्ज_रूम_नो_ओव्हरलॅप असं काहीतरी.

एवढा आग्रह का धरतेय त्याचं अजून एक कारण आहे. नाव चांगलं आणि कायमचं असेल तर अॅप्लिकेशन ते वापरू शकतं. पोस्टग्रेस एररबरोबर कोड देतो, डुप्लिकेटला २३५०५, फॉरेन कीला २३५०३, चेकला २३५१४, आणि कन्स्ट्रेंटचं नाव वेगळ्या फील्डमध्ये देतो, मेसेज फोडत बसावं लागत नाही. मग कोडमध्ये एक छोटा मॅप ठेवायचा, यूक्यू_गेस्ट्स_ईमेल आलं तर युजरला सांगायचं की हा ईमेल आधीच नोंदवलेला आहे, एक्स_बुकिंग्ज_रूम_नो_ओव्हरलॅप आलं तर ही रूम त्या तारखांना गेली आहे. आधी सिलेक्ट करून बघायचं आणि मग इन्सर्ट करायचं ह्या पद्धतीत दोन रिक्वेस्ट एकाच वेळी आल्या की फट राहते, कन्स्ट्रेंटमध्ये ती राहत नाही. ओरॅकल आणि एसक्यूएल सर्व्हरमध्ये नाव मेसेजच्या आत येतं, तिथून काढावं लागतं पण मिळतं. एसक्यूलाइट हा छोटा, फाइलमधला डेटाबेस मात्र युनिक मोडल्यावर नाव देत नाही, टेबल आणि कॉलम सांगतो, आणि फॉरेन की मोडली तर कुठली तेही सांगत नाही, म्हणून टेस्ट एसक्यूलाइटवर आणि प्रॉडक्शन पोस्टग्रेसवर असेल तर हा मॅप टेस्टमध्ये तपासलाच जात नाही हे लक्षात असू द्या.

ओआरएम (कोडमधल्या ऑब्जेक्टवरून टेबलं हाताळणारी लायब्ररी) वापरत असाल तर हाताने प्रत्येक नाव लिहायची गरज नसते. एसक्यूएलअल्केमी ह्या पायथनच्या ओआरएममध्ये मेटाडेटाला (टेबलांची माहिती ठेवणाऱ्या ऑब्जेक्टला) नेमिंग कन्व्हेन्शन एकदाच देता येतं, इंडेक्स धरून पाचही प्रकारांचा साचा, आणि मग मायग्रेशन टूल त्याप्रमाणे नावं बनवतं. प्रोजेक्टच्या पहिल्याच दिवशी हे टाका, नंतर टाकलं तर आधीची टेबलं जुन्या नावांवरच राहतात. रूबीच्या रेल्समध्ये फॉरेन कीला एफके_रेल्स आणि पुढे एक हॅश (गणित करून काढलेला कोड) येतो, जावाचं हायबरनेट पण हॅशच लावतं. हॅश टेबल आणि कॉलमवरून काढलेला असतो म्हणून सगळ्या एन्व्हायर्नमेंटमध्ये तोच येतो, मायग्रेशनचं दुखणं त्याने जातं, पण वाचणाऱ्याला त्याचा काही उपयोग नाही, त्यामुळे निदान युनिक आणि चेकला तरी स्वतः नाव द्या.

आयडी का गेस्ट_आयडी, ह्यावर माझं मत गेस्ट_आयडी. कारण चुकून बुकिंग्जचा आयडी गेस्ट्सच्या आयडीला जोडला तर क्वेरी आनंदाने चालते, दोन्हीकडे १, २, ३ असे आकडे असतात त्यामुळे रोसुद्धा येतात, आणि रिपोर्ट चुकतो. दोन्हीकडे गेस्ट_आयडी असलं की अशी चूक लिहितानाच डोळ्यात भरते, आणि एसक्यूएल सर्व्हर सोडून बाकीच्यांत जॉइनमध्ये यूझिंग (दोन्हीकडच्या एकाच नावाच्या कॉलमवर जोडणं) वापरता येतं. पण तुमचं फ्रेमवर्क आयडीच धरून चालत असेल तर त्याच्याशी भांडू नका, प्रत्येक मॉडेलमध्ये सेटिंग लिहीत बसण्यापेक्षा ते परवडतं. त्याहून महत्त्वाचं हे की शेवटी _आयडी असलेला कॉलम म्हणजे आपल्याच कुठल्यातरी टेबलाची की, असा अर्थ राखून ठेवा. बाहेरच्या पेमेंट सिस्टीमकडून आलेला नंबर पेमेंट_आयडी नावाने साठवला की प्रत्येक नवीन माणूस पेमेंट्स टेबल शोधत फिरतो आणि फॉरेन की राहिली वाटून लावायला जातो. त्याला गेटवे_रेफ म्हणा. देशाचा कोड असेल तर कंट्री_कोड.

टेबल एकवचनी का अनेकवचनी, काहीही, एकच ठेवा. अक्षरं मात्र सगळी छोटीच, कारण पोस्टग्रेस कोट्स नसलेलं नाव छोटं करून घेतो, ओरॅकल मोठं करतो, आणि एखाद्या टूलने मिश्र अक्षरांत कोट्स लावून टेबल बनवलं की जन्मभर प्रत्येक क्वेरीत कोट्स लावत बसा.

इंडेक्सबद्दल एक गोष्ट, पोस्टग्रेसमध्ये फक्त काही रोपुरतं युनिक हवं असेल, समजा डिलीट न झालेल्या गेस्टचाच ईमेल एकमेव हवा, तर ते कन्स्ट्रेंट म्हणून करता येत नाही, युनिक इंडेक्सच करावा लागतो. त्याला मी यूक्यू न लावता यूएक्स लावते, कारण ऑन कॉन्फ्लिक्टमध्ये (इन्सर्ट करताना डुप्लिकेट आल्यास काय करायचं ते सांगणारा भाग) कन्स्ट्रेंटचं नाव द्यायची सोय असल्या इंडेक्सला चालत नाही, आणि नाव बघूनच कळलं पाहिजे की हा कुठल्या जातीचा आहे.

तुमच्याकडे आधीपासून चालू असलेला डेटाबेस असेल तर सगळं एकदम बदलायला जाऊ नका. आधी यादी काढा. एसक्यूएल सर्व्हरच्या कॅटलॉग व्ह्यूंमध्ये इज_सिस्टीम_नेम्ड असा कॉलमच आहे, ओरॅकलमध्ये यूजर_कन्स्ट्रेंट्समध्ये जनरेटेड नावाचा कॉलम सांगतो की नाव कोणी दिलं. पोस्टग्रेसमध्ये असा झेंडा नाही, पीजी_कन्स्ट्रेंट ह्या सिस्टीम टेबलावर पॅटर्न लावून शोधा, आणि हीच क्वेरी बिल्डमध्ये टेस्ट म्हणून ठेवली की नवीन बिननावी कन्स्ट्रेंट आत येतच नाहीत. पोस्टग्रेस आणि ओरॅकलमध्ये ऑल्टर टेबलने रीनेम होतं, डेटाला हात लागत नाही, पोस्टग्रेसमध्ये युनिकचं नाव बदललं की त्याच्या इंडेक्सचंही बदलतं. पण तिथे थोड्या वेळासाठी का होईना टेबलवर पूर्ण लॉक लागतो, आणि आधीच एखादी लांब क्वेरी चालू असेल तर तुमचं रीनेम तिच्यामागे थांबतं आणि बाकीचे सगळे तुमच्यामागे, म्हणून लॉक टाइमआउट (लॉकसाठी किती थांबायचं त्याची मर्यादा) लावूनच चालवा. टेबल रीनेम केलं की कन्स्ट्रेंटची नावं जुनीच राहतात हेही विसरू नका, त्याच मायग्रेशनमध्ये ती बदला. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एसपी_रीनेम ही नाव बदलायची तयार प्रोसीजर वापरताना जुन्या नावापुढे स्कीमा लावायचा पण नवीन नावात नाही, चौकटी कंसही नाहीत, नाहीतर ते कंस खरोखर नावाचा भाग होऊन बसतात. मायएसक्यूएलमध्ये फॉरेन कीचं नाव बदलायची सोय नाही, ड्रॉप करून पुन्हा लावावी लागते, मोठ्या टेबलावर त्याला वेळ लागतो, तिथे मी जुन्या नावांना हात न लावता फक्त नवीन नीट ठेवते.

आणि रीनेम करण्याआधी जुनं नाव कोडमध्ये शोधा, वर सांगितला तसा मॅप कोणीतरी आधीच लिहिलेला असू शकतो. असेल तर आधी जुनं आणि नवीन दोन्ही नावं ओळखणारा कोड सोडा, मग डेटाबेसमध्ये रीनेम करा, आणि पुढच्या रिलीजमध्ये जुनं नाव काढून टाका.